गजभिये काकांचा लाल ठिपका

गजभिये काकांच्या उजव्या डोळ्याबद्दल मी एकदा खोटं बोललो. तोंडानं नव्हे, पेन्सिलीनं. पुढं त्या डोळ्याची मधली नजर गेली. ती माझ्यामुळं गेली नाही, असं मला आजवर तिघांनी समजावलं आहे आणि त्यातले एक डॉक्टर होते. मी मान हलवतो. पण काकांची आठवण निघाली की माझा अजूनही गोंधळ उडतो. हा माणूस मला कळला होता का? मी त्याला कळलो होतो का? त्या हिवाळ्यात त्यांच्या तळघरात नक्की कोण कोणाला तपासत होतं, हे मला तेव्हा समजलं नाही आणि आता समजलंय असं वाटतं तेव्हाही खात्री नसते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी सांगलीहून निघालो तो थेट मिनेसोटात, ईडन प्रेरीला येऊन पडलो. पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये एकटा बसून गार सँडविच गिळत होतो, तर समोर एक बुटके, गळ्यापर्यंत बटण लावलेले गृहस्थ येऊन बसले. खिशाला दोन पेनं आणि एक पेन्सिल. त्यांनी माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला आणि मराठीत विचारलं, "सांगलीकडचा का?"

"हो. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आडनावावरून अंदाज केला. पण अंदाजाचा मला भरवसा नाही, म्हणून विचारून घेतलं."

हे गजभिये काका. नागपूरचे. कंपनीतले सगळ्यात जुने इन्स्पेक्टर. तयार झालेला प्रत्येक नाजूक भाग शेवटी त्यांच्या टेबलावर यायचा. ते उजव्या डोळ्याला भिंग लावायचे, डावा डोळा मिटायचे आणि तो भाग बोटांत फिरवत बघायचे. आयुष्यभर हेच केल्यामुळं त्यांच्या डाव्या डोळ्याभोवती सुरकुत्यांचं जाळं होतं आणि उजव्याभोवती एकही नाही. एका बाजूनं बघितलं तर साठीचे, दुसऱ्या बाजूनं बघितलं तर पंचेचाळिशीचे. मी शक्यतो उजवीकडे बसायचो.

मला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून पहिले चार महिने त्यांनी मला आपल्या तळघरातल्या खोलीत ठेवून घेतलं. त्या घरात काही विधान करायचं म्हणजे जोखीम होती. टीव्हीवरच्या बाईनं सांगितलं की आज उणे वीस आहे, की काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "कोणी मोजलं?" मग उठून मागच्या दारातला आपला थर्मामीटर बघून यायचे. मी म्हटलं की आज मला उशीर झाला, तरी तेच, "कोणी मोजलं?" काकू म्हणाल्या की भाजीत मीठ जरा जास्त झालंय, तेव्हा मात्र ते गप्प जेवायचे. तेवढी समज त्यांना होती.

ती समज त्यांना एका प्रसंगातून आली होती. इथल्या मराठी मंडळातल्या कोणीतरी काकूंच्या पोळ्यांचं कौतुक केलं, की सगळ्या कशा अगदी सारख्या असतात. काकांनी दुसऱ्या दिवशी दहा पोळ्या ओट्यावर मांडल्या, व्हर्नियर आणला आणि प्रत्येकीची जाडी तीन-तीन ठिकाणी मोजली. पोळ्या खरोखरच सारख्या निघाल्या. काका इतके खूश झाले की मंडळाच्या पुढच्या जेवणात त्यांनी तो कागद सगळ्यांना दाखवला. "पाहा! मशीनवर नाही असं काम!" त्यांच्या मते बायकोची याहून मोठी स्तुती जगात कोणी केली नसेल. काकूंनी नंतर चार दिवस पोळ्या केल्या नाहीत. "ब्रेड मोजा," म्हणाल्या.

आता बंदुकीचं सांगायला हवं, कारण माझा पहिला गोंधळ तिथं झाला.

काका बौद्ध. दर रविवारी सकाळी हॉलमध्ये वंदना, पांढरा सदरा, पहिली मेणबत्ती तेच लावणार. आणि त्याच हॉलमधल्या कपाटात, कुलपात, पॉइंट टू टूची एक रायफल. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "मला नको विचारू बाप्पा. मी वीस वर्षांपासून विचारून राहिली."

हकिकत अशी की काका नागपुरात असताना सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसांच्या पितळी पुंगळ्या तपासायचे. अकरा वर्षं. लाखो पुंगळ्या या डोळ्याखालून गेल्या, पण एकदाही बार ऐकला नाही. अमेरिकेत आल्यावर कंपनीतल्या लोकांनी त्यांना हिवाळ्यातल्या नेमबाजीच्या क्लबात नेलं. एका जुन्या हॉलच्या तळघरात पन्नास फुटांवर कागद लावलेले असतात आणि बाहेर बर्फ पडत असताना सगळे निवांत पालथे पडून त्या कागदांवर गोळ्या झाडतात. पॉइंट टू टूचा धक्काही अगदी हलका, खांद्याला कोणी बोट लावल्याएवढा. काकांनी तिथं पहिला बार काढला आणि म्हणे रिकामी पुंगळी उचलून आधी तिचं तोंड तपासलं.

एका बुद्धपौर्णिमेला शिकागोहून आलेल्या एका पाहुण्यानं सगळ्यांसमोर त्यांना विचारलंच, "गजभिये साहेब, जीव न मारण्याचं पहिलं शील घेता आणि घरात बंदूक ठेवता?"

"ठेवतो ना."

"मग मारता काय?"

"कागद."

"पण सराव तर मारण्याचाच होतो!"

काकांनी खिरीची वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता काहीतरी खोल ऐकायला मिळणार. ते म्हणाले, "तुम्ही म्हणता ते बरोबर असू शकते. मी तपासलं नाही." आणि खिरीची वाटी घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले. पाहुणा माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मला कळलं असेल.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. कंपनीत इन्स्पेक्टर लोकांची वर्षातून एकदा डोळे-तपासणी व्हायची. दोन्ही डोळे उघडे ठेवून एक कार्ड वाचायचं. वाचता आलं तर टेबल तुमचं, नाही आलं तर रेकॉर्डरूममध्ये फायली लावायच्या. काकांच्या शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा असाच फायलींवर गेला होता. काका अधूनमधून त्याच्याबरोबर कॉफी प्यायला जायचे आणि परत आले की तासभर कोणाशी बोलायचे नाहीत. निवृत्तीला त्यांची तीन वर्षं राहिली होती. "मी टेबलावरून घरी जाणार," ते म्हणायचे. "फायलींतून नाही." त्यांना साखरेचा आजार होता, बाकी तब्येत ठणठणीत.

त्या हिवाळ्यात क्लबचा कारभारी वॉल्टर काकांकडे एक खोकं घेऊन आला. वॉल्टर म्हणजे सहा फुटांचा, हळू बोलणारा, दुभत्या गाईंचा धंदा विकून बसलेला शेतकरी. क्लबातली बरीच मंडळी सत्तरीला आली होती. बंदुकीच्या टोकावरची नेम धरायची माशी आणि समोरचा कागद दोन्ही एकदम स्पष्ट दिसणं त्यांना जमेना. त्यावर उपाय म्हणून लाल ठिपक्याची साइट निघाली होती. वीतभर नळी, बंदुकीवर बसवायची. आत बॅटरीवर चालणारा बारीक दिवा. नळीतून बघितलं की काचेत एक लाल ठिपका दिसतो आणि ठिपका ज्यावर टेकेल तिथं गोळी जाते. चांगली साइट महाग. वॉल्टरनं आणलेली अगदी स्वस्तातली, हलक्या धक्क्याच्या बंदुकांसाठीच बनवलेली. क्लबाला अशा बारा घ्यायच्या होत्या. काकांनी ती तपासून एका कागदावर लिहून द्यायचं होतं, घ्यावी की घेऊ नये.

काकांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नाही. त्यांनी तळघरात वस्तू घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस लावला, नवी वही काढली आणि महिनाभर त्या साइटचा छळ मांडला. ठिपका सरकवायचा स्क्रू वीस खटके डावीकडे, वीस खाली, वीस उजवीकडे, वीस वर, म्हणजे ठिपका निघाला तिथंच परत यायला हवा. आला. साइट फ्रीजरमध्ये काकूंच्या मटारांच्या पिशवीखाली दोन दिवस राहिली. काढल्यावर काच धुरकटली नाही. पाण्यात बुडवली. दुसऱ्या मजल्यावरून अंगणातल्या बर्फात टाकली. बंदुकीवर बसवून शेकडो गोळ्या झाडल्या. दर पन्नास गोळ्यांनी ठिपका हलला का ते बघितलं. नाही हलला. मी दररोज संध्याकाळी खाली जाऊन बसायचो. काका आकडे सांगायचे, मी वहीत लिहायचो. कामाची अशी गंमत मला माझ्या स्वतःच्या नोकरीत कधी आली नाही, हे खरं सांगतो.

मग एका संध्याकाळी मी खाली गेलो तर वही मिटलेली होती. काका नळीतून भिंतीकडे बघत होते.

"ठिपका गोल नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"शेपूट आहे त्याला. खाली, डावीकडे. स्वल्पविरामासारखा दिसून राहिला."

मी बघितलं. मला गोल दिसला. छोटा, लाल, स्वच्छ, कुंकवाच्या टिकलीएवढा गोल. मी "अं..." असं काहीतरी म्हटलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आत्ता सांगू नको. नीट तपासू. रविवारी सगळ्यांना बोलावतो."

रविवारी घरचे आणि मंडळातले मिळून आम्ही आठ जण जमलो. काकूंनी वडाभात केला होता, त्यामुळं लोक यायला तयार होते. जेवण झाल्यावर काकांनी प्रत्येकाला एक आलेखाचा कागद आणि पेन्सिल दिली. एकेकानं तळघरात जायचं, नळीत बघायचं, जे दिसेल ते काढायचं, नाव लिहायचं, कागदाची घडी करून डब्यात टाकायची, आणि वर येऊन कोणाशी बोलायचं नाही. आणखी एक अट होती: फक्त उजव्या डोळ्यानं बघायचं. का, ते कोणी विचारलं नाही. काकांच्या अटी विचारण्यासाठी नसतात, असं सगळ्यांनी धरलं होतं.

पहिले गेले डॉक्टर इनामदार. ते वर आले ते अट मोडूनच. "अहो, मला तर तारा दिसतो! चष्मा लावला तर बरा दिसतो. हे काय प्रकरण आहे?"

"डॉक्टर, बोलायचं नाही!" काका ओरडले.

"बरं बाबा. पण मला वाटतं, सगळ्यांनी एकदा डोळे तपासून घ्या."

"तुम्हीच तपासा ना," कोणीतरी म्हणालं.

"मी भूल देतो. माझ्यापर्यंत माणूस येतो तेव्हा तो डोळे मिटतो." सगळे हसले आणि ते वाक्य तिथंच वाहून गेलं. आज वाटतं, त्या दिवशी त्या घरात जेवढी वाक्यं बोलली गेली, त्यातलं कामाचं तेवढं एकच होतं.

काकांची मुलगी प्रज्ञा कॉलेजातून सुट्टीवर आली होती. ती खाली गेली आणि अर्ध्या मिनिटात वर आली. "इट्स जस्ट अ डॉट, बाबा." काकांनी तिलाही गप्प केलं. काकू गेल्या, हात पुसत आल्या, कागद टाकला. मग मी.

मी नळीसमोर बसलो. ठिपका गोल होता. मी दोनदा डोळा चोळला, खुर्ची मागंपुढं केली. गोल. पेन्सिल कागदावर टेकवली आणि हात थांबला. त्या महिन्यात मी या माणसाच्या ताटात जेवत होतो, त्यांच्या गाडीतून कामावर जात होतो, त्यांचे आकडे लिहीत होतो. एवढ्या जाणत्या माणसाला दिसलेली शेपूट मला दिसत नाही, म्हणजे मीच काहीतरी चुकत असणार, असं मला अर्धं खरंच वाटलं. उरलेलं अर्धं असं की त्यांना खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं होतं. आमच्या घरात मोठ्यांचा मुद्दा खोडायचा नाही, चहा पुढं करायचा, हेच मी शिकलो होतो. मी गोल काढला आणि त्याला खाली, डावीकडे, एक छोटी शेपूट जोडली. घडी करून कागद डब्यात टाकला. वर येऊन पान खाल्लं.

संध्याकाळी काकांनी कागद उलगडले. एकाचा तारा, एकाचे दोन ठिपके, एकाचं भरलेलं वांगं, काय काय निघालं. चष्मेवाल्यांनी फार गोंधळ घातला होता. काका ते कागद बाजूला ठेवत गेले. माझा कागद त्यांनी हातात घेतला आणि बराच वेळ बघितला.

"तुला पण?" त्यांनी विचारलं.

"हो काका. थोडी. खाली डावीकडे."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी तेव्हा समाधान समजलो. काकू मात्र ओट्यापाशी उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांची नजर मला आवडली नाही.

काकांनी अहवाल लिहिला. बाकी सगळ्या चाचण्यांत साइट पास, पण ठिपका विकृत, म्हणून घेऊ नये. वॉल्टरनं तो अहवाल क्लबात वाचून दाखवला आणि बारा साइटचा विषय संपला. दोन-तीन म्हाताऱ्यांनी त्या हिवाळ्यात क्लबात येणंच सोडलं, हे नंतर कळलं. मी तोवर लायसन्स काढून वेगळ्या घरात राहायला गेलो होतो.

बर्फ वितळलं, झाडांना पानं आली. एका शनिवारी मी सहज गेलो होतो, तर वॉल्टर तळघरात बसलेला. ती नाकारलेली साइट त्यानं स्वतःसाठी ठेवून घेतली होती आणि ती उत्तम चालत होती, हे त्याला पचत नव्हतं. वाद घालणारा माणूस नव्हता तो. त्यानं साइट व्हाइसमध्ये बसवली, काकांना बघायला लावलं आणि विचारलं, शेपूट कुठं आहे?

"खाली, डावीकडे."

वॉल्टरनं व्हाइस सैल केला, नळी पाव फेरी फिरवली आणि पुन्हा घट्ट केली. आता बघा. दोष साइटमध्ये असेल तर शेपूट साइटबरोबर फिरेल. ती जागच्या जागी राहिली तर ती बघणाऱ्याची.

काकांनी नळीला पुन्हा उजवा डोळा लावला.

"खाली, डावीकडे," ते म्हणाले.

मला वाटलं काका चिडतील, दचकतील, निदान पुन्हा एकदा फिरवून बघतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली, वॉल्टरला थँक यू म्हणाले आणि दिवा बंद केला. हे मला तेव्हा फार चमत्कारिक वाटलं. प्रत्येक गोष्ट तीनदा मोजणारा माणूस ही एकच गोष्ट एकदा मोजून उठला.

डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध सूज होती. साखरेमुळं. लेझर केलं, दोनदा. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आला असतात तर जास्त वाचवता आलं असतं. किती, ते सांगता येत नाही. उजव्या डोळ्यानं आता बघतील तिथं मधोमध राखाडी डाग आणि कडेनं जग. डावा डोळा शाबूत राहिला. कार्ड ते अजूनही वाचू शकत होते, दोन्ही डोळे उघडे ठेवून कोणालाही कळलं नसतं. पण ते स्वतःच साहेबाकडे गेले आणि म्हणाले, माझं टेबल काढून घ्या. फायलींवर मात्र गेले नाहीत. नोकरीच सोडली.

काकू एकदा फोनवर मला म्हणाल्या, "तू कशाला त्यांच्या हो ला हो केलंस रे?" मी म्हटलं, "काकू, मला वाटलं..." त्या म्हणाल्या, "जाऊ दे. जेवायला ये." मी दोन महिने गेलो नाही. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

प्रज्ञाला मॉरिसव्हिलजवळ नोकरी लागली आणि दोघांनी तिच्याकडे, नॉर्थ कॅरोलायनाला जायचं ठरवलं. सामान भरायच्या दिवशी मी गेलो. घर रिकामं झालं होतं. काकू गाडीत बसून आरसे जुळवत होत्या. इतकी वर्षं लांबचा प्रवास असला की काकाच चालवायचे, आता पहिल्यांदाच स्टिअरिंग काकूंकडे होतं. काकांनी मला हाक मारून खाली तळघरात नेलं. व्हाइसच्या जागी भिंतीला चार भोकं राहिली होती. जमिनीवर एक शेवटचं खोकं, त्यावर ती वही आणि वहीत घडी घातलेले आठ कागद.

"हे कंपनीचं काम नव्हतं," ते म्हणाले, "पण रेकॉर्ड रेकॉर्ड असते. वाच."

मी पानं उलटली. माझंच अक्षर, खटके, गोळ्या, फ्रीजर. मग एक पान त्यांच्या अक्षरातलं होतं, जे मी कधी बघितलं नव्हतं. "उजवा डोळा, शेपूट. डावा डोळा, गोल. नळी नव्वद अंश फिरवली, शेपूट जागेवरच." खाली तारीख. मी ती दोनदा वाचली. सगळ्यांना जेवायला बोलावलं त्या रविवारच्या तीन दिवस आधीची तारीख होती.

"काका... तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग आम्हाला कशाला काढायला लावलं?"

ते खोक्यावर बसले. मी उजवीकडे उभा होतो. त्यांनी मला डाव्या बाजूला बोलावलं, कारण इकडून माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता.

"मी स्वतःशी ठरवलं होतं," ते म्हणाले. "ज्यांचे डोळे चांगले आहेत त्या सगळ्यांनी गोल काढला, तर सोमवारी डॉक्टरकडे जायचं. चष्मेवाले मी धरलेच नव्हते. काकूचा गोल. प्रज्ञाचा गोल. राहिला तू. तुला चष्मा नाही, आणि मीच तुला तपासायला शिकवलं होतं."

मला बसायला जागा नव्हती, म्हणून मी उभाच राहिलो. रडू येत होतं. "पण तुम्ही नळी फिरवून बघितली होती, काका. तुम्हाला कळलं होतं की मी खोटं काढलंय."

"कळलं होतं का, हे मलाही नीट सांगता येत नाही. शेपूट तू बरोबर खाली डावीकडेच काढली होतीस. मी बोललो होतो ना तुझ्यापाशी. इन्स्पेक्टरनं असं बोलायचं नसते. चूक तिथं झाली, माझी." त्यांनी वही मिटली. "पण तो कागद पाहून मला फार बरं वाटलं होतं, बाबू. सहा महिने बरं वाटलं. आता ते बरं वाटणं कोणत्या रकान्यात लिहू, ते मला समजून नाही राहिलं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला आणि आठ कागदांतून माझा काढून माझ्यासमोर धरला. खिशातलं निळं पेन दिलं.

"रबरानं खोडायचं नाही. चुकीच्या नोंदीवर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं काय दिसलं ते काढायचं. आणि सही."

मी शेपटीच्या ठिपक्यावर एक रेघ मारली. बाजूला गोल ठिपका काढला. गोल काही फार गोल आला नाही. खाली सही केली. वरून काकूंनी एकदा हॉर्न वाजवला.

काकांनी कागद माझ्या हातातून घेतला, डोकं वळवून डाव्या डोळ्याजवळ नेला आणि खिडकीच्या उजेडात तपासला. रेघ बघितली, ठिपका बघितला, सही बघितली. मग कागद मला परत दिला.

"तारीख राहिली," ते म्हणाले. "आजची टाक. त्या दिवशीची नको."